सागाच्या शेंड्यांवर ड्रोन एवढे हिसके का खातो? (किनवट)

पैनगंगाकाठ (किनवट)

नमस्कार मंडळी. मी ड्रोनवर जंगलाची मोजणी करायचं काम करतो. सध्या एका ठेकेदारासाठी किनवट तालुक्यातल्या सागाच्या जंगलाचे वरून फोटो काढायलोय. परवानग्या सगळ्या आहेत, त्यामुळं त्यावरून कुणी सुरू होऊ नका. माझा प्रश्न वाऱ्याचा आहे.

आमच्याकडचं जंगल तुम्हाला माहीतच आहे, सपाट नाही. टेकड्या, मधून नाले. पश्चिमेला कापसाची रिकामी वावरं, तिथून जंगल सुरू होतं. आत एका जागी कूप (वनखात्यानं तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा) तोडलाय, तेवढी जागा उघडी पडलीय. साग पंधरा-सोळा मीटरचा, मधूनच एखादा मोह नाहीतर ऐन डोकं वर काढून उभा. आता एप्रिल आहे, सागाला पान म्हणून राहिलं नाही, खाली नुसता पाचोळा.

बघितलं ते असं. जमिनीपासून २५ मीटरवर, म्हणजे शेंड्यांच्या आठ-दहा मीटर वर ड्रोन नेला की तो थरथर कापतो. सलग थरथर नाही. जरा वेळ बरा जातो, मग एक दणका, पुन्हा बरा, पुन्हा दणका. दणका बहुतेक वेळा खालच्या अंगाला. ७५ मीटरवर नेला की शांत. पण ही शांतताही सगळीकडं नाही. वावराच्या कडेला ७५ वर एकदम निवांत, आणि आत दीड-दोन किलोमीटर गेलो की त्याच ७५ वर परत हादरे. उंची जमिनीच्या चढउताराप्रमाणं आपोआप राखायची सोय चालू आहे, म्हणजे टेकडी जवळ आली म्हणून तसं झालं असं नाही.

आणि एक भारी गोष्ट. एका टेकडीच्या पूर्वेच्या उताराला खाली थांबलो होतो. वर माथ्यावर वारा पश्चिमेचा, शेंडे पूर्वेकडं झुकलेले. पण खाली झाडांमधून पाचोळा चढावर, माथ्याकडं सरकायला लागला. उलटा! बरोबरच्या वनमजुराला त्याचं काहीच नवल वाटलं नाही.

मोबाइलवरचं हवामान सांगतं वारा ताशी १२ किलोमीटर. मग हा प्रकार काय आहे? आणि मला एक सुरक्षित उंची सांगा, जी धरली की सगळं जंगल निघेल. ठेकेदाराला दहा ते दोनमधलेच फोटो पाहिजेत, सावल्या लांब पडू नयेत म्हणून.

दणका_देवगिरी (संभाजीनगर)

भाऊ, चांगल्या कंपनीचा जड ड्रोन घ्या. हलका ड्रोन वाऱ्यात असाच नाचतो. प्रश्न मिटला.

पैनगंगाकाठ

पैसे तुम्ही पाठवता का? मग उद्याच घेतो.

वाऱ्याची_वही (लातूर)

जड ड्रोन घेतला तरी हवा तीच राहणार आहे. मी काही वर्षं जंगलातल्या मनोऱ्यांवरच्या वाऱ्याच्या नोंदी तपासायचं काम केलंय, सेकंदाला दहा-वीस नोंदी देणाऱ्या ध्वनिलहरींच्या वातमापकांच्या. त्यामुळं तुमचं वर्णन वाचून बरं वाटलं. पुस्तकात लिहिलेलं जवळजवळ सगळं तुम्ही ड्रोनवरून पाहिलंय. लांब लिहिते, सवडीनं वाचा.

आधी २५ मीटरचं. वाऱ्याला जमिनीपासूनची उंची कळत नाही, त्याला कळतं ते अडथळा किती उंच आहे. जंगलावर झाडांच्या उंचीच्या साधारण दोन ते तीन पट उंचीपर्यंत हवेवर झाडांचा थेट पगडा असतो. तुमचा साग १६ मीटरचा, म्हणजे हा थर जमिनीपासून ३० ते ५० मीटरपर्यंत गेला. २५ मीटरवर तुम्ही त्याच्या मधोमध आहात. ७५ वर त्याच्या बाहेर.

या थरात नक्की काय होतं? झाडांच्या आत हवा फांद्यांत अडकून मंद झालेली, शेंड्यांच्या लगेच वर ती जोरात. वेगाचा फरक थोड्याशा उंचीत एकदम होतो, आणि असा फरक हवेला टिकवता येत नाही. पैनगंगेत मधली धार आणि काठालगतचं संथ पाणी जिथं एकमेकांना घासतं तिथं भोवऱ्यांची रांग लागते ना, तेच इथं शेंड्यांवर होतं. रौपॉक, फिनिगन आणि ब्रुने या तीन संशोधकांनी १९९६ मध्ये हे नीट मांडलं: जंगलावरची खळबळ ही सपाट जमिनीवरच्या खळबळीची नुसती मोठी आवृत्ती नाही, तिची जातच वेगळी आहे. ती दोन प्रवाहांच्या सीमेवरच्या भोवऱ्यांसारखी वागते, आणि हे भोवरे साधारण ठरावीक अंतरानं येतात.

ते अंतर काढता येतं. शेंड्यावरचा वेग घ्यायचा आणि तिथं दर मीटरला वेग किती वाढतो त्यानं भागायचं. जी लांबी येते तिच्या आठपट अंतरावर पुढचा भोवरा. तुमच्या जंगलासाठी ही लांबी सहा-साडेसहा मीटर धरली तर भोवरे पन्नासेक मीटरवर. ते शेंड्यावरच्या वाऱ्यापेक्षा जोरात, जवळजवळ पावणेदोन पट वेगानं पुढं जातात. शेंड्यावर वारा सेकंदाला ३ मीटर असेल तर दर दहा सेकंदाला एक भोवरा तुमच्या ड्रोनखालून जाणार. जरा वेळ बरा, मग दणका, तो हा. घड्याळासारखा नेमका येणार नाही, पण मोजून बघा, मिनिटाला पाच-सात दणके मिळतील असा माझा अंदाज आहे.

दणका खालीच का? शेंड्यांजवळ वरची वेगवान हवा खाली घुसते ते झोत, खालची मंद हवा वर फेकली जाते त्यापेक्षा जास्त काम करतात. बराच वरच्या हवेत हे उलट होतं. तुम्ही शेंड्याला चिकटून उडता, म्हणून तुम्हाला खाली दाबणारेच जास्त भेटतात. ड्रोन उतरवताना हे डोक्यात ठेवा.

आता मोबाइलवरचे १२ किलोमीटर. तो आकडा मोकळ्या जमिनीवर १० मीटर उंचीचा, आणि काही किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी असतो. तुमच्या कामाला सरासरी नको, चढउतार पाहिजे. पवनचक्कीवाले त्यासाठी एक साधा भागाकार करतात: दहा मिनिटांतल्या वेगाचा चढउतार भागिले त्याच दहा मिनिटांची सरासरी. कापसाच्या मोकळ्या वावरावर २५ मीटर उंचीला हा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास येतो. त्याच उंचीला जंगलावर ४० टक्के किंवा जास्त. म्हणजे सरासरी वारा निम्म्यानं कमी असला तरी हिसका तितकाच किंवा जास्त. हे आकडे ढगाळ, ना तापलेल्या ना थंड हवेचे. एप्रिलच्या दुपारी याच्यावर ऊन चढवा.

७५ मीटरचं कोडं मला सगळ्यात आवडलं. वावराच्या कडेला शांत आणि आत दोन किलोमीटरवर हादरे, उंची तीच. याचं कारण हवा मागून काय घेऊन आली त्यात आहे. वारा वावरावरून जंगलात शिरला की नव्या खडबडीत जमिनीची खबर लगेच वरपर्यंत पोचत नाही. कडेपासून एक नवा थर वाढत जातो, ढोबळमानानं दर दहा मीटर पुढं गेलं की एक मीटर वर. कडेपासून ४०० मीटर आत हा थर ४० मीटरवर, म्हणजे ७५ वरच्या हवेला अजून आपण वावरावरच आहोत असं वाटतंय. तुम्ही निवांत. दीड-दोन किलोमीटर आत हाच थर दीडशे-दोनशे मीटरवर गेला, आता ७५ मीटरची हवा पुरती जंगलाची झाली. तिथं चढउताराचा आकडा २५-२७ टक्क्यांवर येतो. २५ मीटरपेक्षा बरा, पण कडेपेक्षा वाईट.

म्हणून एक सुरक्षित उंची नाही. नियमानं हिरव्या पट्ट्यातही (जिथं उडवायला वेगळी परवानगी लागत नाही) १२० मीटरच्या वर परवानगीशिवाय जाता येत नाही, त्यामुळं वर वर पळून प्रश्न सुटणारही नाही. उड्डाणाआधी वर बघू नका, वारा येतोय त्या दिशेला मागं बघा. मागच्या दोन किलोमीटरांत काय आहे, वावर, जंगल, टेकडी की तोडलेला कूप, ते ठरवेल.

उलट्या पाचोळ्याचं आणि कूपाचं उद्या लिहिते. लाईट जायची वेळ झाली.

भूम_चक्की (धाराशिव)

ताईंनी चक्कीवाल्यांचं नाव काढलं म्हणून आलो. मी भूम-वाशीच्या पट्ट्यात पवनचक्क्यांच्या देखभालीला आहे. आमच्याकडं बालाघाटाचं पठार, बहुतेक उघडं, गवत आणि खुरटी झुडपं. जंगल जवळ नाही ते नशीब म्हणायचं.

आयईसी ६१४००-१ म्हणून पवनचक्क्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात चक्कीचे वर्ग पाडलेत. सेकंदाला १५ मीटर वाऱ्याला अ वर्गाची चक्की १६ टक्के चढउतार धरून बांधलेली, ब वर्गाची १४, क ची १२. आता ताईंचा जंगलावरचा २५-२७ टक्क्यांचा आकडा बघा. १०० मीटरच्या खांबावर हिशोब थोडा खाली येईल, पण क वर्गाची चक्की तिथं उभी केली तर पात्यांची मुळं आणि गिअरबॉक्स लवकर जाणार, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. युरोपात जंगलात चक्क्या आहेत, पण ते खांब उंच घेतात आणि जागेवर आधी मोजमाप करतात.

आमच्याकडची भानगड जंगलाची नाही, कड्याची आहे. पठार जिथं तुटतं त्या कड्याच्या अगदी टोकावर वारा जोरात मिळतो म्हणून तिथं चक्की लावायचा मोह होतो. पण तिथं वारा सरळ येत नाही, दरीतून वर चढत तिरका येतो. मानकात तिरकेपणाला ८ अंशांची मर्यादा आहे. एका जागी (कंपनीचं नाव सांगत नाही) दोन चक्क्या कड्याच्या एवढ्या जवळ बसवल्यात की एका दिशेचा वारा सुटला की कंपनाचा अलार्म येतो, चक्की बंद पडते, आम्ही वर चढायचं. ऑफिसात बसलेला माणूस विचारतो, वारा एवढा असून चक्की बंद का? अहो वारा आहे म्हणूनच बंद आहे.

केळीवाला (अर्धापूर)

विषय जंगलाचा आहे, मी मधीच घुसायलोय, माफ करा. आमच्या केळीच्या बागेला कडेनं शेवरी लावतात, कुणी गजराज गवत. यंदा पश्चिमेच्या बाजूला मी शेवरीच्या ऐवजी पत्र्याचं कुंपण घातलं, मोकाट जनावरांचा पण त्रास होता म्हणून. पत्र्याला लागून दोन-चार ओळी बऱ्या राहिल्या, आणि त्यानंतरच्या पाच-सहा ओळींची पानं चिरून चिंध्या झाली. शेवरी असताना असं कधी झालं नव्हतं. हे पण तेच का?

वाऱ्याची_वही (लातूर)

अगदी तेच, आणि कूपाचं उत्तरही यातच आहे.

पत्रा वाऱ्याला अजिबात वाट देत नाही. सगळी हवा वरून उडी मारते, पत्र्यामागं पोकळी पडते आणि ती भरायला हवा गोल फिरून परत येते. पत्र्यालगतच्या ओळी त्या आडोशात होत्या. उडी मारलेली हवा जिथं जमिनीला टेकली तिथं तुमच्या पुढच्या ओळी होत्या. शेवरीतून निम्मी हवा आरपार जाते, वेग मोडतो पण मागं पोकळी पडत नाही. चाळीस-पन्नास टक्के मोकळी जागा असलेला आडोसा भिंतीपेक्षा चांगला, हे वाराविरोधकांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा आलंय. चांगल्या आडोशाचा उपयोग त्याच्या उंचीच्या दहापट अंतरापर्यंत नक्की जाणवतो, विरत विरत वीसपटीपर्यंत. चार मीटरची शेवरी असेल तर चाळीस मीटर बाग सांभाळते. पत्रा जनावरांसाठी राहू द्या, त्याच्या पुढं बाहेरून एक ओळ शेवरीची लावा.

आता पैनगंगाकाठ, तुमचा कूप. वारा पश्चिमेचा, कूपाच्या पश्चिमेला उभा साग. हवा सागावरून येऊन कूपात उतरते. सागाच्या कडेलगत शांत पट्टा, साधारण झाडांच्या उंचीच्या दोन ते पाच पट, म्हणजे तुमच्याकडं ३० ते ८० मीटर. त्या पट्ट्यात खाली वारा कधी कधी उलट, सागाकडं वाहतो. त्यानंतर हवा टेकते, आणि सगळ्यात जास्त खळबळ तिथंच. सगळ्यांना वाटतं मोकळी जागा दिसली की ड्रोन सुखात. शंभर-दीडशे मीटर रुंदीच्या कूपात तसं अजिबात नसतं. हवेला सावरायला जागाच मिळत नाही, तेवढ्यात पूर्वेची सागाची भिंत समोर येते आणि ती पुन्हा वर चढते. जंगलातला छोटा कूप वाऱ्याच्या दृष्टीनं जंगलापेक्षा वाईट.

एकटा उंच मोह किंवा ऐन असेल तर त्याच्या मागं त्याची स्वतःची शेपटी असते. लागवडीच्या एकसारख्या सागावर वेगातला फरक एका पातळ थरात होतो. मोह-ऐन मिसळलेल्या वरखाली जंगलावर तो फरक उंचीत पसरतो, म्हणून तिथं नियमित दणके कमी आणि बेभरवशाचे जास्त. म्हणूनच असल्या जंगलात एका मनोऱ्यावरून अख्ख्या जंगलाचा आकडा काढणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. मध्य प्रदेशात बैतूलच्या सागाच्या जंगलात असा मनोरा आहे, नोंदी चांगल्या आहेत. पण मनोऱ्यावर येणारी हवा त्या दिवशी कुठल्या बाजूनं आली ते न बघता सरासरी काढली की त्या सरासरीला काही अर्थ राहत नाही. ॲमेझॉनच्या जंगलात तर ३२५ मीटरचा मनोरा उभारलाय, शेंड्यांच्या कितीतरी वर जाऊन हवा पकडायला. एवढ्या वर गेलं तर एका झाडाचा, एका नाल्याचा प्रभाव मिटतो, मग शेकडो किलोमीटरचं जंगल बोलतं. तुमच्या ७५ मीटरचा प्रश्न त्याच जातीचा.

उलटा पाचोळा. उघड्या टेकडीवर पूर्वेच्या उताराला वारा मागं वळायचा तर उतार चांगला खडा लागतो, सतरा-अठरा अंशांच्या पुढं. पण टेकडीवर जंगल असलं की बराच सपाट उतारही पुरतो. फिनिगन आणि बेल्चर यांनी २००४ मध्ये याचं गणित दिलं. माथ्यावर हवा वेगानं जाते म्हणून तिथं दाब कमी होतो. माथ्याच्या पूर्वेला खाली दाब जास्त. झाडांच्या वरच्या जोरदार हवेला या फरकाची फारशी पर्वा नसते, ती पुढं निघून जाते. पण झाडांच्या आतली हवा आधीच मेलेली, तिला तो दाब सहज ढकलतो, जास्त दाबाकडून कमी दाबाकडं. म्हणजे उतारावरून माथ्याकडं. तुम्ही पाहिला तो पाचोळा दाबानं ढकलला होता, वाऱ्यानं नव्हे. आणि दुपारी तो उतार उन्हानं तापला असेल तर चढती हवा भर घालते.

२०१७ मध्ये पोर्तुगालमध्ये पेर्दिगाँव नावाच्या जागी दोन समांतर डोंगररांगांवर डझनावारी मनोरे आणि लेझरनं वारा मोजणारी यंत्रं लावून हेच सगळं मोजलं, तिथंही डोंगरावर निलगिरी आणि पाइनचे तुकडे तुकडे आहेत. किनवटच्या वनमजुराला ते फुकट माहीत आहे हे वाचून पोर्तुगालवाल्यांना वाईट वाटेल.

जुना_वनपाल (माहूर)

पोरा, तुझ्या वनमजुराला नवल वाटलं नाही, कारण वणव्यात हे शिकावंच लागतं. माथ्यावर उभं राहून वाटतं की आग वाऱ्याबरोबर पूर्वेला उतरून जाईल, उतरणीला आग मंद असते, आपण निवांत. आणि खालून झाडीतली हवा ती परत वर ओढते, तुझ्या अंगावर. मार्चमध्ये जाळरेषा (वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा) जाळताना आम्ही पूर्वेच्या उतारावर आधी पाचोळा कुठल्या बाजूला सरकतो ते बघायचो, शेंड्याकडं बघायचो नाही. संध्याकाळी ऊन उतरलं की नाल्यातली हवा फिरते, खाली वाहायला लागते, त्या अर्ध्या तासात कुणालाही काडी ओढू द्यायची नाही.

ताईनं कूपाच्या कडेचं सांगितलं ते आम्हाला वेगळ्या कारणानं ठाऊक. कूप तोडला की पहिल्या पावसाळ्याला, वळवाच्या पहिल्या वादळात, कडेची झाडं पडतात.  पडतात ती कडेची उंच, बारीक, चारी बाजूनं दाटीत वाढलेली. त्यांना कधी वारा लागलेला नाही, मुळं पसरलेली नाहीत. तोडीनंतर एकदम सगळा वारा अंगावर. मोजणीत ती पडलेली दिसली तर चोरतोड म्हणून लिहू नको, बुंधा बघ. करवतीचा कट सपाट असतो, वाऱ्यानं पडलेलं झाड मुळासकट उलथतं नाहीतर चिरफाळून मोडतं.

पैनगंगाकाठ

काका, वरून फोटोत बुंधा कसा बघू? पण पडलेल्या झाडांची दिशा दिसते. सगळी एकाच दिशेला पडली असतील तर वारा, तिरपागडी असतील तर दुसरं काही, असं धरलं तर चालेल का?

जुना_वनपाल

पहिली छाननी म्हणून चालेल. पण कोतवालासारखा निकाल देऊ नको, जागेवर जा.

पैनगंगाकाठ

ताई, तुमचं दोन-तीनदा वाचलं. दणके मोजून बघितले. कडेच्या आत २५ मीटरवर मिनिटाला सहा-सात येतात, तुम्ही म्हणाला तसं. कूपावर काही हिशोबच लागत नाही.

अजून विचारायचंय. साग आता निष्पर्ण आहे. जूनमध्ये पालवी आल्यावर हे सगळं बदलणार का? ठेकेदार पावसाळ्यानंतर पुन्हा एक फेरी मागणार आहे. आणि दुपारच्या उन्हाचं तुम्ही अर्धवट सोडलं.

वाऱ्याची_वही (लातूर)

ऊन. एप्रिलच्या दुपारी आपल्या दख्खनच्या जमिनीवरून गरम हवेचे मोठाले फुगवटे उठतात, दीड-दोन किलोमीटर वर जातात. निष्पर्ण जंगलाखालचा काळा पाचोळा, उघडा कूप आणि रिकामं वावर, तिन्ही वेगवेगळ्या वेळी तापतात, म्हणून ते एकाच जागी उठत नाहीत. तुमचे दहा सेकंदांचे दणके हे शेंड्यांचे. मिनिट-दोन मिनिटांनी ड्रोन अख्खाच वर उचलला जातो आणि मग हळूच बसतो ना? ते उन्हाचे. पहिल्यांवर उंची वाढवून मात करता येते, दुसऱ्यांवर नाही. त्यांच्यावर उपाय एकच, वेळ. ठेकेदाराला सांगा, दहा ते साडेअकरा. सावल्या थोड्या लांब चालतील, हललेले फोटो चालणार नाहीत. पहाटे तर खूप शांत वाटेल. पण रात्रीची थंड हवा नाल्यात साचलेली आणि शेंड्यांवर वेगळीच वाहणारी, दोघींचा एकमेकींशी संबंध तुटलेला. मधूनच एकदम मिसळतात. सूर्य उगवून तासभर झाल्याशिवाय नाल्यावर नेऊ नका.

पालवी. पानं नसताना वारा झाडांत खोल शिरतो. भरलेल्या जंगलात वारा जमीन जणू झाडांच्या उंचीच्या दोन-तृतीयांशावर आहे असं समजून वागतो, तुमच्याकडं सुमारे ११ मीटरवर. पानं गळली की ही खोटी जमीन खाली येते. वेगातला फरक जास्त उंचीत पसरतो, शेंड्यावरची भोवऱ्यांची रांग ढिली होते. पण निष्पर्ण जंगल शांत असतं असं समजू नका. मधल्या दाटीचं जंगल फार दाट जंगलापेक्षा वाऱ्याला जास्त खडबडीत भासतं, कारण फार दाट असलं की हवा वरून घसरून जाते. ऑक्टोबरमध्ये पानं भरलेली असतील. तेव्हा शेंड्याच्या लगेच वर दणके टोकदार येतील आणि ३०-४० मीटरच्या वर आतापेक्षा लवकर निवांत वाटेल. ऊनही कमी. माझ्या मते तुमची दुसरी फेरी सोपी जाईल.

एक काम करा. तुमच्या ड्रोनच्या नोंदीत तो किती अंशांत कलला ते सेकंदाला अनेकदा लिहिलेलं असतं. वाऱ्याविरुद्ध जागेवर उभं राहायला ड्रोन जेवढा कलतो त्यावरून वारा काढता येतो. २५, ५० आणि ७५ मीटरवर प्रत्येकी दहा मिनिटं जागेवर उभा ठेवा, एकदा वावराच्या कडेला, एकदा दीड किलोमीटर आत, एकदा कूपावर. कलाचा चढउतार काढा. ड्रोनपेक्षा लहान भोवरे त्यात दिसणार नाहीत, पण तुम्हाला ते नकोच आहेत. मग उंची प्रत्येक पट्ट्याला वेगळी ठेवायची की नाही ते तुमच्या हातात कागदावर येईल, ठेकेदारालाही दाखवता येईल.

भूम_चक्की

ताई, नोंदी काढताना तिन्ही जागा एकाच दिवशी, जवळच्या वेळेला घ्यायला सांगा. नाहीतर वाऱ्याचा दिवस बदलला की तुलना गेली. आमच्याकडं दोन मनोऱ्यांच्या तुलनेत हीच गफलत नेहमी होते.

वाऱ्याची_वही

बरोबर. बॅटरी पुरत नसेल तर एका जागी वारंवार परत या, निदान ती तरी संदर्भाला राहील.

पैनगंगाकाठ

शेवटचं विचारतो. आतापर्यंत कूपातूनच ड्रोन उडवतो आणि उतरवतो, मोकळी जागा म्हणून. तुमचं वाचल्यावर तिथून उडवायचं धाडस होईना.

वाऱ्याची_वही

कूपातून उडवायचंच असेल तर पूर्वेच्या अंगाला नको, मध्यावर तर नकोच. पश्चिमेच्या सागाला लागून, कडेपासून वीसेक मीटरच्या आत, आणि सरळ वर. शेंडे ओलांडताना पहिला दणका बसेल तो तिथंच बसू द्या, पुढं सरकून घेऊ नका. उतरताना उलट, आधी उंचावरच कडेपाशी या आणि मग खाली.

त्यापेक्षा पश्चिमेच्या कापसाच्या वावरातून उडवा. तिथली हवा सगळ्यात शहाणी आहे. ड्रोन डोळ्यांना दिसत राहिला पाहिजे हा नियम आहे, त्यामुळं आतल्या पट्ट्यांसाठी जागा बदलावीच लागेल, पण कडेचे पट्टे तरी वावरातून निघतील. एकच सांभाळा. वावरातून जाताना वारा पाठीशी असतो, बॅटरी कमी खाते, आणि परतीला तोच वारा समोर. निम्मी बॅटरी संपली म्हणजे निम्मं अंतर झालं असं धरू नका, चाळीस टक्के संपली की तोंड फिरवा.

पैनगंगाकाठ

चाळीस. लिहून घेतलं. उद्या सकाळी वावराच्या मालकाला विचारतो, पऱ्हाट्या अजून उपटल्या नाहीत त्यानं, ड्रोन ठेवायला जागा साफ करावी लागेल.